काच शाबूत आहे

समोरच्या माणसाच्या हाती आपली नाजूक वस्तू द्यावी की नाही, हे तो बशीत कप कसा ठेवतो त्यावरून मला कळतं, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. आता सांगत नाही. का सांगत नाही ते ऐका, आणि ऐकताना मला शांत व्हायला सांगू नका. ते काम आमचा जावई करतो.

मी बल्बच्या कारखान्यात तपासनीस होतो. एकतीस वर्षं. पट्ट्यावरून बल्ब समोर यायचा, रबर लावलेल्या छोट्या हातोडीने त्याच्या पितळी टोपीवर टिचकी मारायची आणि कान लावायचा. आतली तार, म्हणजे केसाहून बारीक असते आणि तापली की उजेड देते ती, नीट बसलेली असेल तर काही ऐकू येत नाही. सैल असेल तर झणझणते. तुटली असेल तर काचेवर किणकिणते. झणझण किंवा किणकिण काहीही झालं की मी टोपीवर लाल रंगाचा ठिपका द्यायचो आणि बल्ब टोपलीत टाकायचो. कारखान्यात सगळे मला 'कान' म्हणायचे. मी आलो की बायका कुजबुजायच्या, "कान आले, गप्प बसा."

तार बसवायचं काम त्या बायकाच करायच्या. भिंगाखाली, चिमट्याने, श्वास रोखून. त्यातली एक माझी बायको. लग्नाआधी आमचं पहिलं बोलणं झालं ते भांडणच होतं. कामावर लागून तिला आठवडासुद्धा झाला नव्हता आणि मी तिच्या एका बल्बला लाल ठिपका दिला. तार सैल होती, चांगली झणझणत होती. ही बाई आपलं टेबल सोडून थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुटलीय का तार? नाही ना? मग?"

मी तिला सैल तारेचे तोटे या विषयावर दहा मिनिटं भाषण दिलं. ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. शेवटी वाद मिटावा म्हणून तो बल्ब मी खिशात टाकला, आणि तो तसाच घरी आला. नंतर तीही आली.

तिथून मला नाद लागला. कारखान्यात नवीन प्रकारचा बल्ब निघाला की एक नग मी रीतसर चिठ्ठी करून घरी आणायचो. शिलाईयंत्राचे चिमुकले, रेल्वेच्या सिग्नलचे, डॉक्टरांच्या दिव्याचे, लांबट, गोल, दुधाळ. कारखाना बंद पडला तेव्हा लाल ठिपक्याचा तो सोडून माझ्याकडे एकशे बेचाळीस बल्ब होते, आणि त्यातल्या एकसष्टांची तार हिने बसवलेली होती. ती आपलं काम ओळखायची. तार ज्यात अडकते त्या शेवटच्या आकड्याला ती अर्धा पीळ जास्त द्यायची. दर रविवारी आम्ही चार-पाच बल्ब लावून बघायचो. पाच अंक मोजायचे आणि बंद करायचे, कारण तार पेटली की झिजते. एकूण एक पेटायचे. फक्त लाल ठिपक्याचा तो एक मी कधी लावला नाही. नापास मालाचं काय बघायचं?

आता तिचे हात कापतात. तीन वर्षं झाली. गुंडी लावता येत नाही, चमचा तोंडापर्यंत पोचत नाही. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळाजवळ राहायला सांगितलं. तसं इस्पितळ आहे ते मुलीच्या गावी, चौदाशे किलोमीटरवर. मग आम्ही घर सोडायचं ठरवलं. कपाट पोचलं काय आणि वाटेत मोडलं काय, मला सोयरसुतक नव्हतं. ते एकसष्ट बल्ब मात्र पेटते पोचायला हवे होते. ते हात आता पुन्हा तार बसवणार नाहीत, आणि जगात त्या हातांचं दुसरं काही उरलेलं नाही. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. तिला तर नाहीच.

बरोबर हातात न्यावेत म्हणावं, तर प्रवासात माझे दोन्ही हात तिला धरायला लागतात.

"बाबा, बल्ब इथेही मिळतात," जावई फोनवर म्हणाला. वर हसला. मुलीने त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला म्हणून त्याचं निभावलं.

तर मी सामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांना घर बघायला बोलावलं आणि तिघांना चहा दिला. घरातला सगळ्यात पातळ कप, पातळ बशी. मी समोर बसणार आणि कान लावणार. बायको म्हणाली, "अहो, कप उचलणारे वेगळे आणि पेट्या उचलणारे वेगळे." मी म्हटलं, तुला तपासणीतलं काय कळतं?

पहिला आला तो फोन डोळ्यांसमोर धरूनच. घरभर फिरला, खोल्यांचं चित्रण केलं, एकदाही मान वर केली नाही. फळीवरचे माझे बल्ब बघून फोनमध्येच बोलला, "जुने बल्ब, भंगार, दोन खोकी." माझ्या घरात, माझ्या तोंडावर! मी त्याला चहा पिऊसुद्धा दिला नाही. कप काढून घेतला आणि दार दाखवलं.

दुसरा म्हणजे दांडगा गडी. आम्ही त्याचं नाव पहिलवान ठेवलं. ट्रक त्याचा स्वतःचा, चालवणार तोच, भरणार तो आणि त्याचा भाऊ. बोटं इतकी जाड की एकही कपाच्या कानात शिरेना. त्याने कप पंजात धरला, दोन घोटांत रिकामा केला आणि बशीत असा आदळला की चमचा उडून खाली पडला. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला. पण तो उठून फळीपाशी गेला, हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यात जपायचं काय? काच का तार?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "तार."

"मग घट्ट बांधून नाही चालायचं. घट्ट बांधलेलं सगळे धक्के खातं. पेट्या ट्रकच्या छताला दोरीने टांगतो. झुलत येतील. पण मला हळू यावं लागेल, चार दिवसांचे सहा होतील."

तो गेल्यावर मी हसलो. टांगून म्हणे! बल्ब आहेत का वटवाघळं?

"त्याने विचारलं," बायको म्हणाली.

"काय विचारलं?"

"काच का तार. आजवर कोणी विचारलं होतं?"

मी चमचा उचलून दाखवला. चमच्याचा दांडा वाकला होता. याच्यापुढे काय बोलायचं?

तिसरा टायवाला. कडक इस्त्री, गुळगुळीत दाढी, हातात छापील पुस्तिका. त्याने कप उचलला, एक घोट घेतला, बशीत ठेवला आणि काहीसुद्धा ऐकू आलं नाही. मी पुढे झुकलो. दुसरा घोट. पुन्हा आवाज नाही. एकतीस वर्षांत इतका हलका हात मी पाहिला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. फळीसमोर उभा राहून तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर, हे सामान नाही, हे तुमचं आयुष्य आहे. आमची कंपनी आयुष्य हलवते." आणि मी, भल्याभल्यांना ठिपके देणारा मी, लोण्यासारखा विरघळलो. तिथल्या तिथे सही केली.

पेट्या मी स्वतः बांधल्या. दर बल्बला वेगळा कप्पा, टोपी खाली, काच वर, कारण उभ्या बल्बची तार स्वतःच्या भाराने मधोमध राहते. आडवा केला की ती एका अंगाला ओढली जाते, आणि खड्डा लागला की गेली. कारखान्यात हा नियम झाडूवाल्यालाही पाठ होता. लाल ठिपक्याचा तो एक तेवढा कापडात गुंडाळून शेवटच्या कप्प्यात ठेवला. चारही पेट्यांवर मी चारही बाजूंनी बाण काढले आणि ठळक लिहिलं : उभी ठेवा. तिने शेजारी बसून मला सुतळीची टोकं दिली. एक टोक चारदा निसटलं. पाचव्यांदा मी तिचा हात धरूनच गाठ मारली.

ठरलेल्या सकाळी ट्रक आला. त्यावर टायवाल्याच्या कंपनीचं नाव नव्हतं, भलतंच होतं. चार माणसं उतरली आणि एक मुकादम. टायवाला नव्हताच. मी त्याला फोन लावला.

"ते आमचे पार्टनर आहेत, सर. काही काळजी करू नका."

"तुम्ही येणार होतात."

"मी सेल्सला आहे, सर. मी लोडिंगला नसतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर आणखी काही बोलणार तोवर मागे ट्रकमध्ये धप्प असा आवाज झाला. धावलो. माझ्या चारही पेट्या मागच्या चाकाच्या वर आडव्या पडलेल्या, त्यांच्यावर कपडे धुण्याचं यंत्र, आणि एक माणूस पायाने रेटून पट्टा आवळतोय.

"अरे, बाण दिसत नाही का? उभ्या ठेवा!"

मुकादमाने खिशातून कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "काका, यादीत लिहिलंय, घरगुती किरकोळ. नाजूक असतं तर नाजूक लिहून आलं असतं. आम्हाला काय स्वप्न पडतं?"

त्या माणसाचं काय चुकलं? यादी टायवाल्याने केली होती. इतक्या हलक्या हाताने कप ठेवणाऱ्या त्या गृहस्थाने माझ्या बायकोची कारखान्यातली बावीस वर्षं एका शब्दात उडवली होती. किरकोळ! मी ट्रकमध्ये चढलो, यंत्र ढकलायला लागलो. ते जागचं हललं नाही. मुकादम खालून ओरडला, "काका, पडाल. पुन्हा उतरवायचं तर दोन तास जातील, आमचं दुसरं घर आहे." बाराला घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. तीनची गाडी होती. ओट्यावर ती खुर्चीत बसलेली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. लोकांसमोर हात कापू नयेत म्हणून ती असं बसते.

तिने मान हलवली. खाली या, अशी. मी खाली आलो. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. तेव्हाच आडवं पडायला हवं होतं ट्रकसमोर.

सहाव्या दिवशी सामान मुलीच्या घरी पोचलं. म्हणजे पहिलवानाला लागले असते तेवढेच दिवस यांनीही घेतले. उतरवणारे आणखी वेगळे होते. त्यातल्या एकाने कागद पुढे केला, "सर्व सामान सुस्थितीत मिळालं, इथे सही." मी म्हटलं, थांबा. पहिली पेटी उघडली. एकही काच फुटली नव्हती. मुलीने सुटकेचा श्वास सोडला. जावई म्हणाला, "बघा बाबा, उगीच डोक्याला त्रास करून घेतलात."

मी एक बल्ब कानाशी नेला. काही ऐकू येईना. टिचकी मारायला गेलो तर माझाच हात रागाने इतका घट्ट झाला होता की टिचकी बसेना. तेव्हा तिने पेटीत हात घातला. एक बल्ब उचलला आणि माझ्या कानाशी धरला.

तिचा हात कापत होता, थांबायचं नाव नाही. आणि बल्बच्या आत किण, किण, किण, किण.

मी तिच्याकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. तो बल्ब तिने उजवीकडे ठेवला आणि दुसरा उचलला. किण, किण. उजवीकडे. तिसरा. आम्ही तिथेच जमिनीवर बसून चारही पेट्या ऐकल्या. हातोडी नको, रबर नको. बल्ब धरायचा आणि हात आपला आपण काम करायचा. कप धरू न शकणाऱ्या त्या हाताने एकही बल्ब पाडला नाही, कारण प्रत्येकाखाली माझी ओंजळ होती. सामान उतरवणारे दारात ताटकळले होते. एकजण पुटपुटला तेव्हा मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पायऱ्यांवर जाऊन बसला.

कापडात गुंडाळलेला लाल ठिपक्याचा बल्ब तेवढा बाजूला राहिला. तो नापासच होता. बाकीच्यांत तिच्या हातचे एकसष्टच्या एकसष्ट उजवीकडे गेले. तिची तार सगळ्यांत नेटकी, सगळ्यांत ताणलेली असायची. मीच तशी घोटून घेतली होती.

मी पावतीवर लिहिलं, तारा तुटल्या आहेत, आणि मगच सही केली. टायवाल्याला फोन केला.

"काच फुटलीय का, सर? नाही ना? मग?"

मी फोनवर त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. नातवंडं वाचतील.

तीन दिवसांनी कंपनीचा एक पाहणी करणारा आला. हातात छापील तक्ता. फुटलं, चेपलं, ओरखडा, हरवलं. एवढेच चार रकाने. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो प्रत्येक वेळी पेटीत डोकावायचा आणि म्हणायचा, "पण काच शाबूत आहे."

"मला पैसे नकोत," मी म्हटलं. "फक्त लिहा, की तुमच्याकडून तारा तुटल्या. एवढंच लिहा."

"तसा रकाना नाही, काका."

बायको उठली. त्याच्याजवळ गेली आणि एक बल्ब त्याच्या कानाशी धरला. किण, किण, किण. त्या माणसाचा चेहरा उतरला, हे मान्य करतो. तिचा हात बघून उतरला की आवाज ऐकून, ते देव जाणे. पण पेन काही चाललं नाही.

"आजी, एखादा तरी लागतोय का बघू," तो म्हणाला. "नमुना म्हणून लिहिता येतं."

मुलीने होल्डर आणला होता. मी म्हटलं, लावा, एकेक लावा, याच्या डोळ्यांदेखत लावा! पडदे ओढले. एक, दोन, दहा. काळोख तसाच. माझा घसा बसत चालला होता, तरी मी प्रत्येक बल्बला मोठ्याने आकडा देत होतो. एकसष्ट झाले. तेव्हा तिने कापडातून तो शेवटचा काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा कशाला? हा नापास आहे."

"लावा हो."

मी लावला. आधी तार नुसती लालसर झाली. मग पिवळी. मग खोलीभर उजेड पडला, तिच्या तोंडावर, तिच्या हातांवर. काचेच्या आत ती सैल तार झोपाळ्यासारखी खाली लोंबली होती आणि पेटत होती. अडतीस वर्षं जुनी, चौदाशे किलोमीटर आडवी पडून आलेली, कपडे धुण्याच्या यंत्राखाली.

"हा तर चालू आहे!" पाहणी करणारा खूश झाला आणि त्याने पेन उघडलं. "बल्ब चालू स्थितीत, असं लिहितो."

मी त्याच्या हातातलं पेन हिसकावलं. काय वाट्टेल ते बोललो. बाकीच्या एकसष्टांचं काय? हा चालू आहे तो तुमच्यामुळे का? जावई "बाबा, बाबा" करत मध्ये आला. त्यालाही दोन शब्द मिळाले. पाहणीवाला पेनाशिवायच निघून गेला. ते पेन अजून माझ्याकडे आहे, द्यायचा विचार नाही.

दार बंद झालं तेव्हा कळलं की पाच अंक मोजायचे राहिले. बल्ब तसाच पेटलेला होता, आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती.

"तुटली का तार?" ती म्हणाली. "नाही ना?"

पुढचं 'मग' तिने म्हटलं नाही. मला ऐकू आलं. मला पहिलवानही ऐकू आला, आणि बशीत आदळलेला तो कप. सबंध आयुष्य मी कान लावून बसलो होतो, आणि जे जे झणझणलं ते ते मी टोपलीत टाकलं होतं.

मी दिवा बंद केला. बल्ब निवल्यावर काढला आणि टोपीवरचा लाल ठिपका नखाने खरवडायला लागलो. नख मोडलं, ठिपका निघेना. तिने आपला कापणारा हात माझ्या हातावर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुमची सही आहे ती."